सात-दहाची दोन विमानं

९ फेब्रुवारी २००९, सोमवार

सगळं बदललं ते आज सकाळी, दुकानातला फोन वाजला तेव्हा. मी उचलला. तिकडून एक पोरगी — "समोरून बोलतेय. मुंबईचा आजचा काय रेट आहे तुमच्याकडे?"

समोरून म्हणजे खरंच समोरून. क्रांती चौकात आमचं विमानाच्या तिकिटांचं दुकान, अन् रस्त्यापलीकडं केशव शेठचं. त्याचाही धंदा तोच. मधे फक्त रिक्षा अन् धूळ. मी काचेतून पाहिलं. ती रिसिव्हर कानाला लावून माझ्याकडंच बघत होती. तिनं हात वर केला. मी पण केला. मग रेट सांगून टाकला.

सांगायचा नव्हता. आमचे मालक सदाशिवकाका अन् केशव शेठ, दोघांचं वैर साऱ्या चौकाला ठाऊक आहे. बारा वर्षं बोलणं नाही. गिऱ्हाईक समोर निघालं की काका मागून ऐकवतात, "जा जा त्या लबाडाकडं. रडत येशील." अन् मी त्याच लबाडाच्या दुकानात बसणाऱ्या पोरीला रेट देऊन बसलो.

नाव कालिंदी. माझं विचारलं. सांडू, म्हणलो. आजोबांचं नाव ठेवलंय, कॉलेजात पोरं दात काढायची. ती हसली नाही. "बरं आहे की. दुसऱ्या कुणाचं नसतं," म्हणली.

पण तिला रेट कशाला पाहिजे होता?

१० फेब्रुवारी

पुन्हा फोन. पुन्हा रेट. मग म्हणली, "कालचा पांढरा शर्ट बरा होता."

काल पांढरा होता हे माझ्या आईलाही आठवणार नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

रोज येतो फोन. दहाच्या पुढं, गिऱ्हाईक सुरू व्हायच्या आधी. मुंबई इतके, दिल्ली इतके — संपलं पाहिजे. पण संपत नाही. आईच्या गुडघ्याचं विचारते. समर्थनगरात राहते, मावशीकडं. शनिवारी मावशीला घेऊन खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जाते. वडील कचेरीत कारकून होते, आता नाहीत.

आज विचारलं, कॉलेज का सोडलंस? सांगितलं. अर्थशास्त्राचे सर भर वर्गात म्हणले, खेड्यातून येता, फी भरता अन् तसेच परत जाता. मी म्हणलो, मग आत्ताच जातो. उठलो, असं दार आपटलं की वरची काच खाली आली. दुसरं वर्ष अर्धं झालं होतं. परत गेलो नाही.

मला वाटलं, शाबास म्हणेल. ती म्हणली, "दार आपटायला काय लागतं, सांडू? सावकाश लावून जायला दम लागतो."

राग आला. पण फोन ठेवला नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. काका दोन हातांवर बसून सगळं ऐकतात. वैऱ्याच्या दुकानातून रोज फोन येतो अन् हा माणूस चकार शब्द काढत नाही? उलट फोन वाजला की मलाच म्हणतो, "घे." म्हातारा दिलदार आहे, की काही शिजतंय?

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज स्क्रीनवर लढाई पाहिली.

आमच्या गावातून मुंबईला दोन कंपन्यांची विमानं. सकाळी सारंग एअर, संध्याकाळी ऑर्किड. दोन वर्षं दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटतायत. हिनं शंभर उतरवले की ती दोनशे उतरवते. म्हणून तर गुलमंडीवरचे कापडवालेसुद्धा विमानात बसायला लागले. रात्रभर लक्झरीत मान मोडून घेण्यापेक्षा बरं. आज बघतो तर ऑर्किडनं संध्याकाळची फेरी काढली अन् सकाळी सात-दहाला टाकली. सारंगचं पण सात-दहालाच! त्याच मिनिटाला. याला म्हणतात टक्कर. दंड थोपटून समोरासमोर.

ते सर सांगायचे, दोन दुकानं तोंडासमोर असली की गिऱ्हाईक राजा. कॉलेजातून तेवढं एकच वाक्य घेऊन आलो, अन् ते खरं निघालं.

काकांना दाखवलं. "हं," म्हणले अन् पेपर उलटला.

कालिंदीला फोनवर सांगितलं. ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणली, "शेठ आले, ठेवते."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

खुलताबादकडचे रामकिसन अन् बद्रीनाथ आले. सख्खे भाऊ. शेती तिकडं, अन् चितेगावला लेथचं वर्कशॉप. मुंबईच्या कंपनीचं मोठं काम मिळालंय, करारावर दोघांच्या सह्या लागतात. मंगळवारी सकाळी दोघंही तिथं हवेत.

पण त्यांच्या घरात एक नेम आहे. हे दोघं कधी एका गाडीत बसत नाहीत. मागं घाटात जीप उलटली, तिच्यात यांचे वडील अन् चुलते एकदमच गेले. तेव्हापासून आईनं, मनकर्णाबाईनं, सांगून ठेवलंय — दोन्ही पोरं एका चाकावर नाय. लग्नाच्या वऱ्हाडातसुद्धा एक जण टेम्पोत अन् एक मोटरसायकलवर मागं.

रामकिसन म्हणला, "एकाला आदल्या दिशी संध्याकाळच्यानं बसव, एकाला सकाळच्या."

"संध्याकाळचं बंद झालं. पण फिकीर नाय. आता सकाळीच दोन हैत. एक सारंगचं, एक ऑर्किडचं. बरोबर उडतेत, बरोबर उतरतेत."

बद्रीनाथ म्हणला, "मंग वरून एकमेकाला टाटा करतो."

ऑर्किडचं दोनशेनं महाग दाखवत होतं. "व्हऊ दे," रामकिसन म्हणला, "मायच्या जिवाला शांती."

काका बाहेर गेले होते. दोन्ही तिकिटं मीच काढली. बद्रीनाथचं सारंगचं, रामकिसनचं ऑर्किडचं. मला लई अभिमान वाटला. असं गिऱ्हाईक सांभाळावं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी मोबाईल. मुंबईहून बद्रीनाथ.

"सांड्या, माझ्या शेजारच्या सीटवर कोण व्हतं सांग."

"कोण?"

"रामकिसन."

मला वाटलं थट्टा. मग मागून रामकिसनचाच आवाज — "दे इकडं त्याला, त्याच्या तर—" पुढचं इथं लिहीत नाही.

विमान एकच होतं. सारंगचं. दोघं वेगवेगळे आलेले, विमानतळावर गाठच पडली नाही. बद्रीनाथ खिडकीत बसला, पट्टा बांधला, मान वळवून बघतो तर भाऊ आपला सीटनंबर शोधत येतोय. तोपर्यंत मागं माणसांची रांग, मग दार लागलं. "सबंध वाट आम्ही एकमेकाचा हात धरून बसलो रे. मिशा पिकलेले बाप्ये. ती हवाईसुंदरी इचारती, काका, फर्स्ट टाइम का?"

तिकिटाची प्रत काढून बघितली. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजीत एक ओळ. ही फेरी सारंग एअर चालवते. ऑर्किडच्या तिकिटावर!

एकच धावपट्टी आहे चिकलठाण्याच्या विमानतळाला. एकीवरून एकाच मिनिटाला दोन विमानं कशी उडतील? शेंबड्या पोराला कळलं असतं.

काकांना विचारलं. म्हणले, "कोड-शेअर म्हणतात त्याला. विमान एकाचं, दुसरा आपला नंबर लावून त्यातल्या सीटा विकतो. जगभर चालतं. परिपत्रक आलं होतं."

"मग मला का नाय सांगितलं?"

"तू विचारलंस का?"

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मनकर्णाबाई स्वतः आल्या. खुलताबादहून, वडापच्या जीपमधून. काचेच्या दारापाशी चपला काढल्या, खुर्चीत बसल्या, पाणी मागितलं.

"तूच का सांडू?"

"व्हय."

"दोन तिकिटं घेतले. दोन नावं सांगितले. पैसे येगयेगळे मोजून घेतले. अन् बसवलं एकात." पाणी पिऊन ग्लास पालथा ठेवला. "बैलाला दोन दावे बांधले म्हून बैल दोन व्हत नाय, बाबा."

मी म्हणलो, माई, मला माहीत नव्हतं.

"मला तरी कुठं माहीत व्हतं? मी घरी निवांत भाकरी थापीत व्हते." अन् उठल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका आतल्या खोलीत जाऊन बसले होते.

२ मार्च, सोमवार

भाव बघत बसलो दिवसभर. सारंग वर गेलं की दुपारच्या आत ऑर्किड वर. ऑर्किड वर गेलं की सारंग. आधी दोन विमानं होती, दोन्हींच्या सीटा भरायच्या म्हणून गिऱ्हाईकाच्या पाया पडत होते. आता विमान एक. सीटा निम्म्या. भांडायचं कोणाशी? कागदावर मात्र अजून दोन कंपन्या. कुणी विचारलं तर सांगायला मोकळे, स्पर्धा आहे की!

सारंगचा टायवाला माणूस येऊन गेला, भिंतीवरचं कॅलेंडर देऊन. "प्रवाशांची सोय केली आम्ही. बॅग इथं टाका, सिंगापूरला उचला. एकच तिकीट." मी म्हणलो, इथून सिंगापूरला कोण जातंय? लोक मुंबईला जातेत, दवाखान्यात, मुलाखतीला, मंत्रालयात. तो काकांकडं बघून हसला. काका पण हसले.

कालिंदीला विचारलं, तुला माहीत होतं?

"हो. शेठनी बसवून शिकवलं होतं. ज्याला पुढे जायचंय त्याची सोय होते, खोटं नाही. पण भांडणारे एकत्र जेवायला लागले की वाढणाऱ्याने ताट सांभाळावं."

"रोज बोलतेस. हेच तेवढं का नाय बोललीस?"

"वाटलं, सदाशिवकाकांनी सांगितलं असेल."

वाटलं? रोज शर्टाचा रंग दिसतो, अन् हे नुसतं वाटलं?

४ मार्च

आता कुठंही बघितलं की खालची बारीक ओळ शोधतो. चौकात दोन पक्षांचे दोन फ्लेक्स आहेत, एकमेकाला शिव्या देणारे. दोन्ही एकाच बांबूला बांधलेत. आज दिसलं. रोज त्याच्याखालून जातो.

७ मार्च, शनिवार

भद्रा मारुतीला गेलो. देवासाठी नाही. ती येते म्हणून. समोर गाठून विचारणार होतो, खरं काय ते सांग.

ती दिसली नाही. दुसरंच दिसलं.

देवळाबाहेरच्या हॉटेलात, कोपऱ्यातल्या बाकावर, सदाशिवकाका अन् केशव शेठ. मधे भज्यांची एकच प्लेट. काका तळलेल्या मिरच्या निवडून शेठच्या बाजूला सरकवत होते. शेठ कानाशी वाकून काहीतरी बोलला, काका एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

मी प्रसादाच्या दुकानामागं उभा. हातातला नारळ कुणाच्या डोक्यात घालू, एवढंच सुचत होतं.

मग दोघं एकाच गाडीत बसून गेले. गाडी काकांची. चालवत होता शेठ.

९ मार्च, सोमवार

दुकान उघडल्या उघडल्या म्हणलो, "शनिवारची भजी कशी होती, काका?"

चिडले नाहीत. तेच वाईट. पेपर खाली ठेवला. "बस," म्हणले.

"कंपन्यांनी आपलं कमिशन बंद केलं, माहीत आहे ना? आता गिऱ्हाईकाकडून वरचे जे घेतो, त्यातून तुझा पगार. मी अन् केशव भांडत राहिलो असतो तर एक शटर कधीच पडलं असतं. बहुतेक हेच."

"मग ते लबाड, चोर, रडत येशील—"

"गिऱ्हाईकाला भांडण लागतं रे. भांडण दिसलं की त्याला वाटतं भाव खरा आहे. इथं विचारतं, रस्ता ओलांडून तिथं विचारतं. पन्नास रुपये कमी ऐकले की खूश होऊन घेतं. आज तिकडं कमी, उद्या इकडं. दोघांची चूल पेटते. विमानवाले करतात ती व्यवस्था, अन् आम्ही केली की पाप?"

"अन् ठरवता कधी? शनिवारी, देवासमोर?"

"भाव रोज बदलतो, शनिवारवर कसं भागेल?" काकांनी पेपर पुन्हा उचलला. "रोज सकाळी ठरतो. ती पोरगी तुला फोन करते, तो कशासाठी करते असं वाटलं तुला?"

मी उभाच राहिलो. कानात रिक्षांचे हॉर्न वाजत होते, तेवढेच ऐकू येत होते. अन् मग फोन वाजला.

"घे," म्हणले काका.

घेतला. ती म्हणली, "आज उशिरा आलास? मुंबईचा—"

"कशासाठी फोन करतेस रोज?"

म्हणली, "रेटसाठी. शेठनी सांगितलंय. पहिल्या दिवसापासून."

"अन् बाकीचं? शर्ट, आईचा गुडघा? ते पण शेठनीच सांगितलं?"

काचेतून बघितलं. आज ती माझ्याकडं बघत नव्हती. "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, नंबर दोन अन् विमान एक."

"बरं," म्हणली. रिसिव्हर ठेवला. रेट न घेताच.

१० मार्च

फोन आला नाही. काकांनी आतल्या खोलीतून स्वतःच लावला.

११ मार्च, धुळवड

कुणी रंग लावायला आलं तर हाणीन.

कुणी आलं नाही.

१३ मार्च, शुक्रवार

आज नीट लिहितो. एक शब्द इकडं तिकडं नको.

रामकिसन आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मला वाटलं भांडायला आला. पण बसला, चहा घेतला, म्हणला, "झालं ते झालं. पुन्हा जायचंय मुंबईला. म्या इमानानं, बद्री रेल्वेनं. मायनं स्वतः रेल्वेचं तिकीट हातात धरून बघितलं." अन् हसला. रेट विचारला. काकांनी सकाळी दिलेला सांगितला. नोकरी आहे, दिलेला सांगायचा. काका मागंच बसले होते.

"लई झाला रे. मागं निम्मा व्हता. समोर इचारून येतो."

काका ठरल्याप्रमाणं मोठ्यानं म्हणले, "जा जा, त्या लबाडाकडं जा."

रामकिसन रस्ता ओलांडून गेला. कालिंदीच्या पुढ्यात बसला. मी काचेला चिकटून बघत होतो. ती नुसता रेट सांगत नव्हती. लई वेळ बोलत होती, हात हलवून. एकदा आमच्या दुकानाकडं बोट केलं, मग आपल्याच टेबलावर ठेवलं. मागं केशव शेठ उभा राहिला. तिला दिसला असणार, समोरच्या काचेत सगळं दिसतं. तरी थांबली नाही.

रामकिसन परत आला. आत आला नाही, दारातूनच म्हणला, "ती ताई म्हणती, कुठंबी जा, पण या दोन दुकानांमधी भाव करीत पाय झिजवू नका. दोन्ही आतून एकच हैत. रोज सकाळी भाव ठरवितेत."

काकांचा पेपर हलला नाही.

"तुला माहीत व्हतं का रे, सांडू?"

मी काकांकडं बघितलं.

"इमानाचं माहीत नव्हतं म्हणलास, ते मानलं आम्ही. मायनं पण मानलं. अन् हे?"

अन् तो फटफटीला किक मारून गेला.

१४ मार्च, शनिवार

समोरची खुर्ची रिकामी. टेबलावरचा तिचा पाण्याचा तांब्या पण नाही.

काका म्हणले, "काढली तिला. चांगली पोरगी होती." पान उलटलं.

तरीही डोकं थांबत नाही. हे पण नाटक असेल तर? शेठनंच बोलायला लावलं असेल, मला हुसकायला, रामकिसनला पळवायला — पण रामकिसनला तर तिनं दोन्हीकडून पळवलं. मग यात शेठचा फायदा काय? दिवसभर शोधला. खालची बारीक ओळ कुठंतरी असणारच.

अन् माझ्याशी जे बोलत होती, ते? तेवढं एक कळलं पाहिजे. मग बाकीचं खड्ड्यात गेलं तरी चालेल.

१६ मार्च, सोमवार

कालिंदीची मावशी राहते त्या समर्थनगरच्या कोपऱ्यावर, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून लिहितोय. वही गुडघ्यावर.

दहाच्या पुढं फोन वाजला. काका म्हणले, "घे."

नवा आवाज. बाप्याचा. "समोरून बोलतोय. मुंबई?" सांगितलं. "दिल्ली?" सांगितलं. "बरं." ठेवला.

संपला. चहा ओठाला लावला होता, तो अजून पोळत होता. रेटचा फोन एवढाच असतो.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं," म्हणलो. डबा उचलला, बाहेर आलो, अन् मागं दार लावलं. सावकाश.